मधाखालची पाठ

नेद्याल्का जन्मापासून आंधळी. सोफियात मालीश शिकून ती आमच्या वेलिनग्रादच्या स्नानगृहात लागली, तेव्हा पंचवीस वर्षांची होती. मी तिथे पंप आणि नळ सांभाळायचो. एकोणीस वर्षं तिचं काम शेजारून पाहिलं, म्हणून लिहितो.

दिवसाला सात पाठी करायची. मधाचं मालीश असेल तर पाचच, कारण त्यात मनगटं जातात. पाठीवर मध पसरायचा, तळवे दाबून चिकटवायचे, झटक्याने उचलायचे. असं अर्धा तास. पाच मिनिटांत पाठ लालभडक होते आणि तशी व्हायलाच हवी, त्यासाठीच लोक येतात. मध आपापला आणतात. दुकानातला मध आमच्याकडे कुणी पाठीला लावून घेत नाही.

त्या मंगळवारी सकाळी लाझार आला. डोंगरात मधमाश्यांच्या साठ पेट्या असलेला, शंभर किलोचा माणूस. बरणी त्याच्याच पेट्यांतली, न गाळलेली. मी बाहेर नळाचा वॉशर बदलत होतो. मध्ये फक्त पडदा होता.

"काका, मधाचा, माशीचा काही त्रास?" हे ती प्रत्येकाला विचारायची.

"मला विचारतेस?" लाझार हसला. "माझ्या माश्या मला चावत नाहीत गं, सलाम करतात!"

"बरं. पालथे झोपा. आणि बोलू नका, पाठ हलते."

तळव्यांचा आवाज सुरू झाला. तिचा ठोका घड्याळासारखा होता, मी त्यावर माझं काम लावून घ्यायचो. दहाएक मिनिटांनी ठोका थांबला. तो मध्येच थांबत नसे.

"का गं, दमलीस?"

"काका, अंग खाजतंय का?"

"मध लावल्यावर खाजणारच. लाल झालंय ना? होऊ दे. विष निघतंय."

"लाल मला दिसत नाही. हाताला गांधी लागतायत. कमरेपासून मानेपर्यंत. मघाशी नव्हत्या."

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास. कामचुकार झालीस होय?"

तिला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती त्याला उत्तर द्यायला थांबली नाही.

"मेतोदीदादा! आत ये."

मी पाना हातात घेऊनच आत गेलो. खरं सांगायचं तर मला वेगळं काही दिसलं नाही. "लालच आहे, रोजच्यासारखी," मी म्हणालो.

"पाठ सोड. तोंड बघ."

लाझारने मान वळवली. "खालचा ओठ दुप्पट सुजलाय," मी म्हणालो. डोळे मिटत चालले होते.

"मी घरी जातो," तो म्हणाला. आवाज घोगरा. "शर्ट दे माझा."

"उठू नका काका!"

तो उठलाच. पाय जमिनीला लागले आणि तोंड पांढरंफटक पडलं. गुडघे गेले. नेद्याल्काने त्याला मागून काखेत धरलं, मी पाय धरले. मधाने माखलेलं शरीर हाताला चिकटतही होतं आणि निसटतही होतं. कसंबसं फरशीवर आडवं केलं. तिने पायाने चाचपत स्टूल ओढलं आणि त्याच्या टाचा वर ठेवल्या.

"डॉक्टरबाई तिसऱ्या मजल्यावर. मध सांग, ओठ सांग, पडला सांग. सुई घेऊन या म्हणावं. पळ."

बहात्तर पायऱ्या आहेत. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि बूट ओले होते. स्नानगृहाच्या डॉक्टर पेन्चेवा एका म्हातारीचा रक्तदाब बघत होत्या. मी दारातूनच तीन गोष्टी सांगितल्या. त्यांनी पिशवी उचलली, म्हातारीला ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं आणि माझ्यापुढे जिना उतरल्या.

खाली लाझार उठायची धडपड करत होता. तिने कोपरापासूनचा हात त्याच्या खांद्यांवर आडवा टाकला होता, दुसऱ्या हाताची बोटं गळ्याच्या नाडीवर. त्याच्या श्वासाला शिटी लागली होती.

"सोड... उभा राहू दे..."

"उभे राहिलात तर मराल. पडून राहा आणि मला शिव्या द्या."

डॉक्टरबाईंनी मांडीत सुई दिली. मग वाट पाहायची होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शिटी वाढली. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, गेला. नेद्याल्का मान तिरपी करून ऐकत होती. चौथ्या मिनिटाला म्हणाली, "नाडी भरतेय." डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचं यंत्र लावलं. खरंच भरत होती.

श्वास मोकळा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं?"

"नाही. कधीच नाही."

नेद्याल्काने बोटं गळ्यावरून काढली नव्हती. "काका, आज डॉक्टरबाई तीन मजले वर होत्या. तुमच्या पेट्यांपाशी कोण असतं?"



"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "एकच डंख. जीभ सुजली. ओढ्यात डोकं घालून बसलो तासभर."

"काकूंना सांगितलंत?"

"मधवाल्याला माशी बाधते म्हणून सांगू? गाव हसेल."

"हसू दे. ऐकायला तुम्ही असाल."

ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर त्याने त्या माणसांना ऑगस्टचं सगळं कुणी न विचारता सांगितलं, ओढ्यासकट. पेट्या त्याने पुढे जावयाला दिल्या. महिनाभर गाव हसलं, मग विसरलं.

त्या दिवशी ॲम्ब्युलन्स निघाल्यावर नेद्याल्काने टेबल स्वतः पुसलं. सफाईवालीला हात लावू दिला नाही. मी म्हणालो, "तुझ्या जागी डोळसाला कळलंच नसतं."

"पहिली गांध लागली तेव्हा वाटलं, मधातल्या मेणाची गुठळी असेल," ती म्हणाली. "तरी चोळत राहिले. अर्धं मिनिट. ते माझं चुकलं."

त्यानंतर ती मधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी बोलवायची, गांध उठते का बघायला कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर मध लावून सोडायची. लोक कुरकुरायचे, दोनदा हेलपाटा पडतो म्हणून. ती ऐकून घ्यायची आणि उद्याची वेळ द्यायची.

त्या दिवशी तिच्या दोन पाठी बाकी होत्या. दोघींना तिने परत पाठवलं. मनगटं थरथरत होती आणि थरथरत्या हाताने ती कुणाला शिवत नसे.