गुण्याखालचा उजेड

लोखंडाचा ठोकळा गुण्याच्या काटकोनाला टेकवून खिडकीकडे धरला, की दोघांच्या मधून उजेडाची एक रेघ येते. केसाएवढी बारीक. सकाळी ती पिवळसर असते, दुपारी पांढरी, आणि श्रावणातल्या ढगाळ दिवशी नुकत्याच घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखी. फिटरच्या वर्गातली मुलं एक डोळा मिटून तिच्याकडे पाहतात, आणि पाहता पाहता त्यांचे चेहरे उतरतात. कारण उजेड दिसला म्हणजे बाजू सरळ झालेली नाही. ठोकळा पुन्हा व्हाइसच्या जबड्यात आवळायचा, कानस पुन्हा हातात घ्यायची, आणि खरवडलेल्या लोखंडाचा तो किंचित आंबट वास पुन्हा नाकात भरून घ्यायचा. आमच्या संस्थेत आलेल्या प्रत्येकानं आयुष्याचे पहिले काही आठवडे या एका रेघेशी भांडण्यात घालवले आहेत. मीही घालवले.

आता मी त्याच संस्थेचं भांडार सांभाळते. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर हातात एखादी कला घेऊन कारखान्याच्या दारात उभं राहू पाहणारी मुलंमुली इथे येतात. गेल्या महिन्यात जुनी कार्यशाळा रिकामी करून मागच्या नव्या इमारतीत जायचं ठरलं, आणि यादी करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. याद्या मला आवडतात. काय न्यायचं, काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं, अशा तीन वह्या मी एका सकाळी आखून टाकल्या. तिसऱ्या वहीत पेन भराभर चाललं होतं. शेवटच्या फळीवरच्या एका ठोकळ्यापाशी मात्र ते थांबलं. त्याच्यावर सतरा आकडा ठोकलेला होता. शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता, आणि हा ठोकळा त्यात जाऊ द्यायचा नाही, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, एवढं मला त्या क्षणी कळलं. तो ज्या हातांचा, त्यांच्यापुढे मी तेहेतीस वर्षं उभी राहिले नव्हते.

संस्था सुरू झाली तेव्हा तिला स्वतःचं छप्परही नव्हतं. बंद पडलेल्या एका भातगिरणीची शेड मिळाली होती. भिंतींच्या भेगांमधून वर्षभर तूस गळत राहायचं. लेथ सुरू केला की कुठूनतरी दोनचार तुसं उडत येऊन ताज्या तेलावर बसायची. भाताच्या कोंड्याचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास! हे दोन वास इतके एकमेकांत मुरलेले होते, की आजही एखाद्या गिरणीवर दळण टाकायला गेले तर मला आधी हॅकसॉ आठवते. लेथ एकच, व्हाइस मोजके, आणि शिकवायला राऊतसर. पालघरजवळच्या माहीमचे. घरी पानवेलींची वाडी होती त्यांची. सकाळी वेलींना पाणी सोडून ते यायचे, त्यामुळे त्यांच्या पायजम्याच्या टोकांना नेहमी ओली माती असायची. सर घाई करणाऱ्याला रागावत नसत. एवढंच म्हणत, की वेल ओढून वाढत नाही आणि लोखंड दाबून सरळ होत नाही.

पहिल्या तुकडीत आम्ही दोनच मुली. माझे वडील साताऱ्याकडचे, इथल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला आलेले. दुसरी जानकी. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावरची. शिकण्यासाठी उमरोळीला मावशीकडे राहिली होती. माझा क्रमांक सोळा, तिचा सतरा, म्हणून आमचे व्हाइसही शेजारी. माझी यादी तयार असायची, आज कुठली बाजू, किती घासायची. जानकीची कसलीच यादी नसायची, पण तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालायचा. कोयता आणि विळा लहानपणापासून चालवलेले हात ते. मी घाम पुसत असे आणि ती हसून म्हणे, ‘तू लय मोजतेस गं. हाताला इचार.’

माझं मोजणं सरांच्या नजरेत भरलं, आणि त्यांनी हजेरीचं मस्टर माझ्याकडे दिलं. काय आनंद झाला होता मला! लाल आणि निळं अशी दोन पेनं मी त्यासाठी वेगळी ठेवली. एकही खाडाखोड नाही, एकही चौकट रिकामी नाही. आपल्या हातून कधी चूक होणार नाही असं वाटायला लावणारी वस्तू माणसाला लहान वयात मिळू नये, हे मला आज कळतं.

दिवाळी झाली. भातं झोडून झाली, आणि दरवर्षीप्रमाणे डोंगरातली घरं वीटभट्ट्यांकडे निघाली. जानकीची आई आजारी होती. तिच्या जागी भट्टीवर जानकीला उभं राहावं लागणार होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी उमरोळी स्टेशनच्या फलाटावर ती मला मुद्दाम भेटली. सरांना सांग, म्हणाली, शिमग्याला आम्ही घरी येतो, तेव्हा मी येते, माझा ठोकळा ठेवा. तिच्या ठोकळ्याचे पाच चेहरे, म्हणजे पाच बाजू, सरळ झाले होते. सहावा बाकी होता.

मी निरोप विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. पण नियम मला पाठ होता: लेखी अर्ज असेल तर रजा, नसेल तर गैरहजर. तोंडी निरोपाला मस्टरमध्ये चौकट नव्हती, आणि ज्याला चौकट नाही त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. अर्ज येईल, मग सांगू, असं म्हणत मी रोज तिच्या नावापुढे लाल खूण करत गेले. काही आठवड्यांनी सरांनी विचारलं, सतरा नंबरचा अर्ज आला का? मी म्हटलं, नाही सर. खरं तेच सांगितलं. विचारलं तेवढंच आणि तेवढ्यापुरतं खरं! नाव कमी झालं. वाट पाहत असलेल्या पुढच्या मुलाला जागा मिळाली.

शिमग्याला जानकी आली. पायांना लाल माती, केसांत भट्टीची राख, हातात सरांसाठी बोरांचा वाटा. सरांनी तिला समजावून सांगितलं की नाव राहिलेलं नाही. ती म्हणाली, मी तर निरोप दिला होता. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. जानकीनं बोरं बाकावर ठेवली आणि आली तशी निघून गेली. तिच्या मागे मी गेले नाही. दुपारच्या हजेरीची वेळ झाली होती.

सर मला रागावले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मस्टर मागून घेतलं, पट्टी ठेवली, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला. त्यावर लिहिलं: निरोप. कोण काय सांगून गेलं, कुणाच्या हाती, कधी परत येणार. आणि जानकीचा ठोकळा तेलाचं बोट फिरवून त्यांनी भांडाराच्या वरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. शिक्षण पुरं झालं की आपला पहिला ठोकळा प्रत्येकानं घरी न्यायचा, आणि कुणी अर्ध्यात गेलं तर त्याचा ठोकळा फळीवर थांबायचा. भंगारात जायचा नाही. सर म्हणत, येतील न्यायला.

संस्था मोठी कशी झाली म्हणून कुणी विचारलं, तर लोक इमारतींची नावं घेतात. भातगिरणी गेली, पत्र्याची आमची स्वतःची कार्यशाळा आली. फिटरच्या जोडीला वीजतंत्री आला, वेल्डर आला. इथल्या कारखान्यांना रसायनांची माणसं हवी झाली, तसा रासायनिक संयंत्राचाही वर्ग निघाला. पालघर जिल्हा झाला आणि सरकारी कागदांवरचा आमचा पत्ता बदलला. बोईसरच्या चाळींतून हिंदी बोलणारी मुलं येऊ लागली. खंडेनवमीला व्हाइसला झेंडू वाहणाऱ्या आमच्याकडे ती विश्वकर्म्याची पूजाही घेऊन आली, आणि दोन्ही दिवशी प्रसाद मिळतो म्हणून कुणी तक्रार केली नाही. मुलींची संख्या तर अशी वाढली, की त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधावी लागली. हे सगळं खरंच आहे. पण मला विचाराल, तर आमची संस्था त्या पेन्सिलीच्या रेघेपासून वाढली. भट्टीवर गेलेली मुलं शिमग्यानंतर परत येऊ लागली, राहिलेलं काम पावसाळ्यात पुरं करू लागली. आता हजेरी बोटाच्या ठशावर लागते. त्या यंत्रालाही निरोपाला चौकट नाही. म्हणून माझ्या टेबलावर एक वही असते. प्रत्येक नव्या प्राचार्यांनी ती पहिल्या आठवड्यात हसून पाहिली आहे आणि दुसऱ्या महिन्यात स्वतःहून मागितली आहे.

आताचे प्राचार्य तरुण आहेत, भले आहेत. फळीवरचे ठोकळे पाहून ते एवढंच म्हणाले, मॅडम, नव्या भांडारात यांना जागा नाही, कुणी नेणार असेल तर शनिवारपर्यंत नेऊ दे. सर आता नाहीत. ‘येतील’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं; बोलावणं धाडणं तेवढं हातात होतं. मी चौथी वही काढली. ज्यांचे पत्ते लागले त्यांना फोन केले. काही आले, ठोकळ्याबरोबर फोटो काढून घेऊन गेले. जानकीचा फोन नव्हता. वीजतंत्रीच्या वर्गातली एक मुलगी तिच्या शेजारच्या पाड्यावरची निघाली. तिच्या हाती मी निरोप दिला. अर्ज नव्हे, निरोप. देताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

शुक्रवारी सकाळी जानकी आली. बाजारात भाजी विकायला बसते ती. पाटी दारात उतरवून, पदरानं तोंड पुसत आत शिरली. केस पिकले होते. चाल तीच. माझ्या बाकाकडे, खिडकीकडे, भातगिरणीतून इथे आणलेल्या तिच्या जुन्या व्हाइसकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘अजून तूच मोजतेस व्हय इथं?’

मी ठोकळा तिच्या हातात दिला. आणि इतकी वर्षं मनात मांडून ठेवलेलं वाक्य पार उलटंसुलटं होऊन बाहेर आलं: ‘जानकी, सरांनी अर्जाचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. तुझा निरोप मी सांगितलाच नाही.’

‘ठाऊक हाय,’ ती म्हणाली. ‘सर तुझ्याकडं बघत होते नं तवा. तवाच कळलं.’

एवढंच. राग नव्हता, माफीही नव्हती. तिनं अंगठ्यानं सतराचा आकडा चोळला. मग विचारलं, कानस कुठं हाय? मी दिली. ठोकळा तिनं व्हाइसमध्ये आवळला, डावा पाय पुढे टाकला, आणि त्या सहाव्या चेहऱ्यावर दहाबारा हात मारले. तेच सरळ, लांब, न घाबरणारे हात. गंजाखालून लोखंड चमकू लागलं. मग गुण्या लावून तिनं ठोकळा खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटला. मीही तिच्या खांद्याजवळ वाकले. रेघ होती. पूर्वीपेक्षा बारीक, पण होती.

मी म्हटलं, अजून थोडा वेळ बस, होईल सरळ. ती म्हणाली, ‘नाय. माझी भाजी सुकते. बाजारात ताडपत्री उडते, तिच्यावर ठेवायला चांगला हाय हा.’ मग दारातून वळून म्हणाली, ‘तुझी ती वही हाय नं, निरोपाची? ती सोडू नको. आमची पोरं अजून भट्टीवर जातात.’ पाटीत मेथीच्या जुड्यांवर ठोकळा ठेवून ती निघून गेली. दाराशेजारच्या माझ्या टेबलावर तिच्या दोन जुड्या राहिल्या; विसरून की मुद्दाम, कुणास ठाऊक.

शनिवारी टेम्पो आला आणि गेला. फळीवर सतरा नंबरच्या जागी गंजाचा एक चौकोन तेवढा उरला आहे. नव्या इमारतीत ट्यूबलाइट भरपूर आहेत, मोजायला आकडे दाखवणारी यंत्रं आहेत, पण फिटरचा बाक मी हट्टानं पूर्वेच्या खिडकीखाली लावून घेतला. काल नव्या तुकडीनं पहिल्यांदा ठोकळे वर धरले, आणि ओळीनं उभ्या असलेल्या साऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर ती केसाएवढी रेघ उमटली. नेहमीप्रमाणे चेहरे उतरले. इतकी वर्षं त्या रेघेला मी चूक म्हणूनच ओळखत आले. काल वाटलं, कुठं काम बाकी आहे हे आपल्याला तिच्याशिवाय कुणी सांगितलं असतं? वही उघडून मी या तुकडीचा पहिला निरोप लिहिला. मनोरकडच्या एका मुलीचा होता. दिवाळीनंतर भट्टीवर जाईन, शिमग्याला परत येते म्हणाली.