दोन फोन आणि एक ताप

बारामतीजवळ जळोचीच्या एका खोलीत राजेश्वरीचा संसार जरा कुठं बसला होता, तेवढ्यात ती शिवायला जायची त्या कपड्याच्या कंपनीची लाईन बंद पडली. परदेशातली मागणी आटली म्हणे. तिकडच्या बायांनी झगे घ्यायचे थांबवले म्हणून बारामतीतल्या बाईची चूल का थंडावी, हे काही तिला कुणी समजावून सांगितलं नाही. नवऱ्याचंही काम निम्म्यावर आलं होतं.

सासरे मानसिंगराव वरकुट्याहून आले. पानाला चुना लावत म्हणाले, "सूनबाई, पोरीची शाळा उघडायच्या आत काम गावलं तर ठीक. न्हायतर खोली सोडा, गावाकडं चला. गावच्या शाळंत काय पोरं शिकत न्हाईत व्हय?" जाताना त्यांनी निम्मी भांडी बोचक्यात बांधून कोपऱ्यात ठेवली सुद्धा. माणूस मोठा तयारीचा.

राजेश्वरी एमआयडीसीतलं एकेक गेट धुंडायला लागली. वॉचमन मान हलवून नाही म्हणायचे. पुढं पुढं ती लांबूनच मान उंचावून विचारायची आणि ते लांबूनच हलवून सांगायचे. बोलायचे कष्ट तेवढे वाचले. घरी येऊन मात्र ती आदळआपट करायची आणि बोचक्याकडं बघायची नाही.

अशात शबाना आली. जुन्या कंपनीत दोघींच्या मशिनी शेजारीशेजारी. ती म्हणाली, "दूध पावडरच्या कंपनीत पाकिटं भरायला दोन बाया पायजेत. दादासाहेब म्हणून ठेकेदार हाय. सोमवारी गुपचूप जाऊ."

गुपचूप राहिलं असतं तर कशाला एवढं झालं असतं? राजेश्वरीनं आनंदाच्या भरात सासऱ्यांना फोनवर सांगितलं.

"आन् तू मोकळ्या हातानं जाणार? खुळी का काय!" मानसिंगराव म्हणाले. "शब्द टाकाया लागतोय. थांब, आपल्या पॅनलच्या माणसाला फोन लावतो."

तिकडं इंदापूरला तिचे मामा विजयसिंह. त्यांनाही तिनं सांगून टाकलं होतं. त्यांनीही आपल्या पॅनलच्या माणसाकडून शब्द टाकला. आता साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली आणि मामा एका पॅनलचे, सासरे दुसऱ्याचे. लग्नात एका पंगतीला न बसणारी ही माणसं एका बाईच्या नोकरीवर मात्र एकत्र आली, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

सोमवारी गेटवर दादासाहेबानं तिला खालीवर न्याहाळलं. "राजेश्वरी तुमीच का? बाई, तुमी नक्की कुणाच्या?"

"मी? मी कामाच्या, साहेब."

"तसं न्हाय ओ. काल सकाळी ह्यांचा फोन, दुपारी त्यांचा. मी दोघांनाबी सांगितलं, समोरचाबी म्हणतोय घ्या. झालं! हे म्हणाले, त्यांची असंल तर आमचा शब्द माघारी. ते म्हणाले, ह्यांची असंल तर आमचा माघारी. काल दोन शब्द होते, आज एकबी न्हाय. घेतलं तर दोघं मलाच धरत्याल. निवडणूक होऊ द्या, मग बघू."

"निवडणूक साखरेची, मी भरणार दूध पावडर," राजेश्वरी तडकली. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"चहात दोन्ही पडतंय, बाई," दादासाहेब म्हणाला आणि शबानाकडं वळला. "तुमचं कुणी सांगितलंय?"

"कुणी न्हाय."

"बरं झालं. व्हा आत." दुसऱ्या जागेवर रांगेतल्या मागच्याच बाईला घेतलं. तिचंही कुणी नव्हतं.

घरी आल्यावर सासऱ्यांचा फोन आला. "काय झालं? अजून कुणाला सांगू का?"

"आबा, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली, "आता कुणालाच काय सांगू नगा." आणि फोन पिठाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं.

मंगळवारपासून ती डबा घेऊन त्याच गेटवर बसू लागली. एखादी बाई आली नाही तर बदली लागते, तिला कुणाचा शब्द लागत नाही. पण बाया रोज येत. कुणाला सर्दी नाही, कुणाकडं पाहुणा नाही. आतल्यांपैकी कुणीतरी आजारी पडावी, असं मनात आलं की राजेश्वरीला स्वतःचाच राग यायचा, आणि तरी यायचंच मनात. भरला डबा घरी नेऊन ती संध्याकाळी तोच खायची.

शाळा उघडायला आठवडा उरला असेल. दादासाहेब गेटवर आला. "या आत. शबानाला ताप हाय म्हणं."

राजेश्वरी डबा उचलून आत गेली. शबानाच्या जागेवर उभी राहून पाकिटं भरताना तिला रडूही येत होतं आणि हातही थांबत नव्हते. एका माणसाच्या कामावर दोन घरं बसवायची, हा कसला जमाना!

सुटल्यावर ती डब्यातली भाकरी घेऊन तडक शबानाच्या घरी गेली. शबाना दारात गोधडी आपटून धूळ झाडत होती, अशी की गल्लीतली पोरं लांब पळाली होती.

"ताप उतरला का गं?" राजेश्वरीनं विचारलं.

"उतरला," शबाना म्हणाली. गोधडीची घडी घालत तिनं जरा विचार केला. "बेस्तरवारी परत चढणार हाय."

राजेश्वरी तिथंच पायरीवर बसली. घरी जाऊन तिनं बोचक्याची गाठ सोडली आणि त्यातली कढई तेवढी बाहेर काढली. बाकीची भांडी तशीच राहिली.