पाच पिनांची पुनम

पुनम हरली असती तर मी एका शब्दानं बोलले नसते. खेळ म्हटला की हरणं-जिंकणं आलंच. पण आमच्या पोरीला हरवलं, आणि तेही तिच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी. म्हणून बोलते. मी बेबाबाई, तिच्या बापाची थोरली बहीण. आमच्या सोनगीरकडे आत्याला फुई म्हणतात, तर मी तिची फुई. नवरा गेल्यावर भडगावहून भावाच्या घरी आले, तेव्हा ती दुसरीत होती. तिची आई रत्ना दिवसभर शेतात, त्यामुळे पोरगी माझ्याच हाताखाली वाढली. माझ्या जिभेला हाड नाही असं गावात म्हणतात. म्हणू देत.

धुळ्याला कॉलेजात गेली आणि तिथं हा धनुष्यबाणाचा नाद लागला. धनुष्य म्हणजे रामलीलेतलं नव्हे बरं का. याच्या दोन्ही टोकांना चाकं, मध्ये दोऱ्यांचा गुंता. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या विहिरीवरचा रहाट मोडून आणला की काय! धनुष्य क्लबचं, शिकवणारे योगेंद्र सर. तरुण माणूस, पगार बेताचा, पण पोरांवर जीव. त्यांनी बापाला येऊन सांगितलं, "वनाभाऊ, हिची नजर वेगळी आहे." आमचा वना नुसता हसला. त्याला पोरीचं कौतुक नव्हतं असं नाही, पण चारचौघांत काय बोलावं हे त्याला कधी सुचलेलंच नाही.

आता ती साईट काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धनुष्याच्या मध्यावर एक गोल कडी लावतात. त्या कडीत बारीक, वेगवेगळ्या रंगांच्या चमकत्या पिना असतात. पिन निशाणावर धरायची आणि बाण सोडायचा. बाण जसा लांब जातो तसा खाली येतो, म्हणून जवळच्या निशाणाला वरची पिन, लांबच्याला खालची. पुनमच्या कडीत पाच पिना होत्या. सरांची जुनी साईट ती, त्यांनीच तिला वापरायला दिलेली. दुसरी एक जात असते, तिच्यात एकच पिन. अंतर बदललं की बाजूचं चाक फिरवून ती पिन वरखाली करायची.

पुनमनं दोन्ही वापरून पाहिल्या होत्या, महिना महिना. मला म्हणाली, "फुई, एक पिन छान वाटते गं. डोळ्यापुढे गर्दी नाही, चुकीची पिन धरायची भीती नाही. पण रानात अंतर कोण सांगणार? आपणच ओळखायचं, वर चाक फिरवत बसायचं, आणि तिकडे वेळ संपतो. पाच पिना बऱ्या. ओळखलं, धरलं, सोडलं." सरांचंही तेच म्हणणं. मैदानात मोजून मापून ठेवलेलं निशाण असेल तर एक पिन चांगली, रानातल्या खेळाला पाच. तेव्हा निवड तिनं केली होती. स्वतः, विचार करून. हे ध्यानात ठेवा.

मग काय, पोरीला जग त्या पिनांमधूनच दिसायला लागलं. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणायची, "फुई, म्हैस पिवळ्या पिनेवर उभी आहे. मारुतीचा कळस लाल पिनेवर." मग दोरी घेऊन मोजायला पळायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मी एकदा चिडवलं, "आणि नवरा गं? तो कितव्या पिनेवर?" तर म्हणते, "पाचव्याच्या पार पलीकडे, दिसतच नाही." इतकी हसलो आम्ही की रत्ना चुलीवरचं सोडून बाहेर आली.

पण नवऱ्याचा विषय घरात निघालेलाच होता. एकविसावं संपलेलं, भाऊबंदांची तोंडं बंद होईनात. तेवढ्यात सर एक बातमी घेऊन आले. माघात लळिंगच्या बाजूला रानात राज्याची स्पर्धा होती. नाशिककडची एक अकादमी तिथल्या पहिल्या तीन मुलींना शिकवायला ठेवून घेणार होती. पगार, राहायला खोली, सगळं. पुनमनं बापाला विचारलं. वनानं बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाला, "पहिल्या तिघींमा उनी त जाय. मी कोनलेच ऐकाव नही. नही उनी त आखाजीनंतर लगीन." म्हणजे पहिल्या तिघींत आलीस तर जा, मी कुणाचं ऐकणार नाही, नाहीतर अक्षय तृतीयेनंतर लग्न. पोरीनं होकाराची मान हलवली. तिची तयारी पाहून मला वाटलं, जाते ही. नक्की जाते.

आता लखीचंद शेठ. गावातलं भुसार दुकान त्यांचं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण अहिराणी आमच्यापेक्षा झाक बोलतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाखरांना दाणे टाकल्याशिवाय दुकान उघडत नाहीत, सूर्य बुडाला की घास घेत नाहीत. वनाचा शेंगदाणा वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातो. त्यांना कुठून तरी कळलं, वनाची पोर राज्याला खेळणार. वनाला विचारलं, पोरीला काय पाहिजे? वना म्हणाला, साईट जुनी आहे म्हणे. झालं! कसली साईट, किती पिनांची, हे ना त्यानं सांगितलं ना त्यांनी विचारलं.

शेठ लग्नाला पुण्याला गेले होते. तिथं खेळाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं दोन डबे समोर ठेवले. एकात पाच पिना, एकात एक. पाच पिनांच्या डब्यावर शिंगांच्या हरणाचं चित्र, आणि दुकानदार बोलून गेला की परदेशात शिकारी लोक हीच घेतात. शेठनी तो डबा हातानं मागं सारला. शिकारीची वस्तू आपल्या हातून पोरीला द्यायची नाही! दुसरी महाग होती, तीच घेतली. हे सगळं त्यांनीच नंतर आम्हाला सांगितलं, किती आनंदानं. "बेटीके लिये साफ चीज आणली," म्हणाले.

ती त्यांनी दिली कधी? स्पर्धेच्या दिवशी सकाळी, तिथं रानात, मांडवाखाली. सोनेरी कागद, वर लाल रिबीन. शेठ, त्यांची बायको राजकुंवरबाई, दोघं गाडी करून खास आले होते. पुनमनं डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. मी पाहिलं. पण वाकून पाया पडली दोघांच्या.

आमच्या खान्देशात आहेर केला की तो पेटीत टाकायचा नसतो. देणारा उठायच्या आत साडी नेसून यायची, टोपी डोक्यावर चढवायची. त्याला दिसलं पाहिजे, नाहीतर त्याचा अपमान. माझ्या भावाच्या डोक्यात तेच. पोरीला बाजूला घेऊन म्हणतो कसा, "शेठ समोर बठेल शेतस. त्यास्नी दिधेल वस्तू पिशवीमा ठेवशी का? लाव." म्हणजे शेठ समोर बसलेत, त्यांनी दिलेली वस्तू पिशवीत ठेवशील का.

मी म्हटलं, "वना, ते काय लुगडं शे का रे, गुंडाळलं आनी झालं?"

"एकच पिन शे ना? मंग त सोप्पंच व्हई," तो म्हणाला.

कप्पाळ माझं! योगेंद्र सर धावत आले. हात जोडून समजावलं बिचाऱ्यानं. "वनाभाऊ, नवी साईट आजच्या आज लावायची नसते. प्रत्येक अंतराला बाण मारून चाकावर खुणा कराव्या लागतात. आठवडा जातो त्यात. आज जुनीच राहू द्या, उद्यापासून ही लावू." वना ऐकत होता आणि शेठकडे बघत होता. शेठ खुर्चीत बसून हसत हात हलवत होते. सरांना तो एवढंच म्हणाला, "सर, तुम्हाला नाही समजणार. आम्हाला गावात राहायचंय."

माझा पारा चढला. शेठला जाऊन तोंडावर सांगायला मी निघालेच होते. अहो, एक शब्द त्यांच्या कानावर गेला असता तर तेच म्हणाले असते, राहू दे बेटा, तुझी आहे तीच लाव. खात्री आहे माझी. पण पुनमनं माझं मनगट धरलं. "फुई, नको. बाबांना खाली बघावं लागेल." आणि स्वतःच्या हातानं तिनं पाच पिना काढल्या आणि ती एक पिन चढवली. बाप मागं उभा राहून शेठला दाखवत होता, बघा, लावली.

सरावाला थोडे बाण मारायला मिळाले. सरांनी घाईघाईनं चाकावर दोन-तीन खुणा केल्या, पेनानं. मग पंचांनी धनुष्य तपासलं, चिठ्ठी चिकटवली. आता मोडलं तरच बदलायचं, एरवी खेळ संपेपर्यंत तेच.

पहिलं निशाण झाडीत होतं. रबरी हरीण, खरं वाटावं असं, मान वळवून बघणारं. या खेळात निशाणं जनावरांचीच असतात, कुठं रानडुक्कर, कुठं सांबर. शेठना वाटलेलं गोल रंगीत चकत्या असतील. ते हरीण पाहून माणूस पांढराफटक पडला. "अरे, हे तर हरीण आहे," एवढंच म्हणाले. राजकुंवरबाईंनी डोळे मिटून घेतले. रबराचं असलं तरी त्यांना बघवेना. त्याला मी हसत नाही, ज्याचा त्याचा धर्म. शेठनी पुनमच्या डोक्यावर हात ठेवला, "खेळ बेटा, छान खेळ," म्हणाले आणि दोघं गाडीत बसून निघून गेले. पुनमचा पहिला बाणसुद्धा सुटला नव्हता.

ज्यांना दिसावी म्हणून लावली, ते गेले. साईट राहिली. मी वनाकडे पाहिलं. तो गाडीच्या धुळीकडे बघत उभा होता.

पुढचं सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो. पोरगी प्रत्येक निशाणापुढं उभी राहायची, पुटपुटायची, आणि अंतर अचूक ओळखायची. सर मागून अंतर मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्रानं बघायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे, कारण तिचं बरोबर असायचं. पण ते अंतर त्या चाकावर कुठं आहे हे कुणाला ठाऊक? दोन खुणांच्या मध्ये अंदाजानं फिरवायचं. डुकराच्या पाठीवरून बाण गेला तो नाल्यात. सांबराच्या पायाखाली मातीत एक रुतला. चाक फिरवता फिरवता एकदा वेळ संपल्याची शिट्टीच वाजली, बाण दोरीलाच राहिला. तिसरी आलेली मुलगी पुनमच्याच क्लबातली, सरावात रोज हिच्या मागं असायची. ती येऊन पुनमच्या गळ्यात पडून रडली. पुनम नाही रडली.

संध्याकाळी गावात आलो तर शेठ दुकानाच्या पायरीवर वाट बघत. "काय झालं? कशी खेळली?" आणि माझा भाऊ म्हणतो, "एक नंबर खेळली शेठ. तुमच्या साईटमुळंच." शेठनी पेढे वाटले.

आठवड्यानं पुनम एकटीच एसटीनं धुळ्याला गेली आणि धनुष्य क्लबात देऊन आली. सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा असते स्पर्धा. ती म्हणाली, हो सर. घरी आली, भाकरी थापायला बसली. ओट्यावर बसून ती आता म्हशीकडे बघायची पण बोलायची नाही काही. मी वनाशी किती भांडले! म्हटलं, एक वर्ष दे तिला. तो म्हणायचा, "शबूद दिधा व्हता ना तिनी? मंग?" शब्द दिला होता तिनं. खरं आहे. त्यानं दिलेला शब्दही खरा. शब्दाला कुणीच खोटं ठरलं नाही, याचीच तर मला जास्त चीड येते.

होळी झाली आणि पहूरची मंडळी बघायला आली. मुलगा समाधान, ठिबकच्या दुकानात कामाला. मुलगा बरा वाटला, मान वर करून बोलत होता. त्याची आई मात्र खमकी. पोहे होत नाहीत तोच विचारलं, "पोरगी तोंडाची कशी आहे? उलटून बोलते का?"

आमचा वना, ज्याला चारचौघांत कधी शब्द सुचला नाही, त्याला त्या दिवशी सुचला. गादीवर सावरून बसला आणि सांगायला लागला. आमच्या शेठनं हिला एक वस्तू दिली. ऐन खेळाच्या वेळी. ती आपल्या कामाची नाही हे हिला पक्कं ठाऊक होतं. नंबर जाईल, नोकरी जाईल, हेही ठाऊक होतं. सरांनी मला सांगितलं, मलाही समजलं होतं. पण पोरगी बोलली नाही. मी म्हटलं लाव, तिनं लावली. अजून एका शब्दानं बोलली नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं. तिथंच, रानात, सर हात जोडत होते तेव्हाच! माझ्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं मी तिथंच खाली ठेवलं, नाहीतर त्याच्या डोक्यात घातलं असतं. आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले होते अभिमानानं. पुनम दारात बशा धरून उभी होती. तिनं बापाकडे एकदाच पाहिलं.

समाधानची आई हात पुसून उठली, पुनमच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "हेच तं पाह्यजे होतं आपल्याले. पोरगी पसंत."