मानमोडी

सकाळी बायकोनं ओल्या गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी पीळ घातला, पाणी गळलं, आन् हाताला कोंबड्यांच्या माना आठवल्या.

मला अक्कल नेहमी उशिरा येते. मागल्या साली जनावरांच्या डॉक्टरीणबाई गावात आल्या. म्हणाल्या, "दादा, पुढं येणाऱ्या रोगांवर लस शोधायचं काम चाललंय, सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घाला." मी पारावर उभा राहून म्हणालो, "बाई, पोरगी अजून बघितली नाही आन् आधीच बारसं?" लोक पोट धरून हसले. कुणी दमडी दिली नाही. मला लई मोठा झाल्यागत वाटलं.

मग कोंबड्यांवर रोग आला. एकबी जिती ठेवू नका, असा हुकूम. सरकारी माणसं कमी पडली, म्हणून मीच माझ्या कोंबड्या मुरगळायला बसलो. कट् कट् आवाज, फडफडणारे पंख, मनगट फाडणाऱ्या नख्या, कोपरापर्यंत रगात. जुनी माणसं माणसांच्या एका साथीला मानमोडी म्हणायची. त्या दिवशी मला वाटलं, तिलाबी असेच हात असतील, न थकणारे.

काल बाई परत आल्या. म्हणाल्या, "हे रोग उद्या माणसांत येतील." मी गुमान पैसे काढले. शेजारचा तुका खिदळला, "अरं येड्या, खुराडं रिकामं. आता लस टोचणार कुणाला?"

"मला आन् हिला," मी म्हणालो. "घरात आता दोनच माना उरल्यात."