शिंप्यांच्या घरातली मासेमारीची रिळं

मासे पकडायच्या जुन्या रिळांचा मला नाद आहे. आमच्या घरात माशाचा वाससुद्धा कधी आलेला नाही. आजोबांपासून सगळे विठ्ठलाचे, गळ्यात तुळशीची माळ, धंदा शिलाईचा. घरात बोलतो मराठी, पण निम्मे शब्द कानडी. अशा घरातली साठी उलटलेली विधवा बाई मासेमारीची रिळं जमवते म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग कारण विचारतात. कारण मी देत नाही. मला आवडतात, एवढं पुरे.

पहिलं रीळ आमच्या शहरातल्या लष्कर मोहल्ल्यात जुन्या सामानाच्या ढिगात दिसलं. तळहातात मावेल असं पितळी, शिंगाची छोटी मूठ असलेलं. मला वाटलं, शिलाई मशीनचाच कुठला तरी भाग असेल. मूठ फिरवली तर आतून कर्रर्र आवाज आला.

"मीन हिडियोदु, अम्मा," दुकानदार म्हणाला. मासे धरायचं आहे ते. त्याला वाटलं, हे ऐकून मी ते खाली ठेवीन. मी पिशवीत टाकलं.

मशीन खोलणं, पुसणं, तेल देणं मी बाबांच्या दुकानात शिकले होते. दादाला त्याचा कंटाळा, म्हणून बाबा मला बसवायचे. रीळ खोलायला तेच हात लागतात. गंजून बसलेला स्क्रू रॉकेलात भिजत ठेवायचा, घाई करायची नाही. हिरवं पडलेलं पितळ चिंचेनं घासायचं नाही, कारण मग अंगावरचा जुना रंगही जातो. मऊ कापड आणि मशीनचं तेल, बस्स. आत एक दातेरी चाक असतं आणि त्यावर टेकलेली बारीक स्प्रिंग. ती तुटली की रीळ मुकं होतं. मी मशीनच्या जुन्या स्प्रिंगा कापून, वाकवून बसवत असे. मुकं रीळ पुन्हा बोलायला लागलं की दिवस सार्थकी लागायचा.

कोडगूच्या कॉफीमळ्यांतल्या बंगल्यांतून, लिलावातून, भंगारातून एकेक करत माझं कपाट भरलं. मी माडीवर राहते, दादा-वहिनी खाली. दादा कपाटाकडे बघून म्हणायचा, "हिंसेची हत्यारं सांभाळतेस तू." मी म्हणायचे, "गळ कुठाय यात? दोरा गुंडाळायचं चाक आहे ते." तो मान फिरवायचा.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी मुलीकडे बेंगळूरला गेले. परत येऊन कपाट उघडलं तर आत पोथ्या रचलेल्या. रिळं एकही नाही.

खाली गेले. दादा पेपर वाचत होता.

"माझी रिळं कुठायत?"

"भंगारात दिली. आता वय झालं तुझं. सुम्ने, गप बसून देवाचं काही तरी कर."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीस काय?"

"नसती दिली. म्हणूनच विचारायचं असतं."

तो पुन्हा पेपरात शिरला. माझ्या डोळ्यावर अजून काळा चष्मा होता, उन्हात जायची मनाई होती. मी चपला घातल्या. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं दादासमोर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मशिदीमागच्या गल्लीत गोणी गेली. मला दुकान ठाऊक आहे."

"तू कुठे निघालीस?" दादानं विचारलं.

"तिला नीट दिसत नाही. एकटी कशी जाईल?" असं म्हणत तिनं पदर खोचला आणि माझ्या आधी रस्त्यावर उतरली.

भंगारवाल्याकडे गोणी होती, पण उघडलेली. एक लाकडी रीळ त्यानं हातोड्यानं फोडलं होतं, मागची पितळी पट्टी काढून घ्यायला. माझ्याकडचं सगळ्यात जुनं तेच. मी जमिनीवर बसून त्याचे तुकडे वेचले. डोळ्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनमुळे की कशामुळे सांगता येणार नाही. वहिनी माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि तारा, पत्रे, मोडके नळ यांतून एकेक स्क्रू शोधायला लागली. माझ्यापेक्षा तिला चांगलं दिसत होतं.

गोणी घेऊन घरी आलो तर दादा दारात. "हे या घरात राहणार नाही."

"घर बाबांचं आहे," मी म्हणाले. "जितकं तुझं, तितकंच माझं." आणि रिळं माडीवर नेलीच नाहीत. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसतील अशी मांडली.

दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. शिवाय देवळाच्या मंडळातही माझ्या रिळांचं सांगितलं. एकादशीला एक ज्येष्ठ गृहस्थ मला म्हणाले, "अक्का, यापुढे नैवेद्याला तुम्ही हात लावू नका."

"बरं," मी म्हणाले. "पण भजनाला मी पुढच्या रांगेत बसणार. तिथून उठवायचं असेल तर देवालाच येऊन सांगायला सांगा." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी टाळ उचलले. उठवायला कुणी आलं नाही. अजूनही मी तिथेच बसते, नैवेद्य दुसरं कोणी करतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून मी कपाट रिकामं करणार नाही.

फुटलेल्या रिळाला फणसाच्या लाकडाची नवी बाजू बसवली. रंग जुळला नाही. मी तो जुळवायला गेलेही नाही. मोडलं होतं ते दिसू दे.

मग एक दिवस वहिनीनं विचारलं, "हे पाण्यावर चालतं कसं, तू कधी बघितलंस?" नव्हतं बघितलं. आम्ही दोघी बसनं टी. नरसीपूरला गेलो, नद्यांच्या संगमाच्या घाटापासून बरंच खाली, जिथे कुणी आंघोळ करत नाही. बांबूच्या काठीला ते फणसाचं ठिगळ लावलेलं रीळ बांधलं, दोऱ्याच्या टोकाला गळ नाही, नुसतं शिशाचं वजन. काठावर म्हशी धुणारे दोघे थांबून बघायला लागले.

"गाळ इल्लदे मीन बरत्तेनम्मा?" एकानं हसत विचारलं. गळाशिवाय मासा येतो काय?

"नको आम्हाला मासा," वहिनी मोठ्यानं म्हणाली. मी काठी पुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले, आणि दोरा नदीच्या मध्यापर्यंत फेकला.