झुंबरबाईचा मारुती

पन्हाळ्याचं नाव सगळं जग घेतंय, आमच्या गडाला मात्र कुत्रं इचारत न्हाय. गगनबावड्याच्या वाटंला, गावाच्या डोक्यावर उभा हाय बिचारा. शिलाहार राजांनी बांधला म्हणतात. मग आदिलशाही आली, मराठे आले, आणि शेवटी इंग्रजांनी सुरुंग लावून निम्मा तट उडवला. आता राहिलंय काय, तर एक दरवाजा, पाण्याची दोन टाकी आणि करवंदीची जाळी. दूध संघातनं रिटायर झाल्यापासनं मी आणि गावातले चौघं दर शनवारी वर जाऊन झाडोरा तोडतो. बायको म्हणते, "गणपतराव, आदी घरची मोरी साफ करा."

पण आमच्याही आदी गडावर एक माणूस पोचलेलं असायचं, ते म्हणजे झुंबरबाई. वय अडुसष्ट, गुडघं गेलेलं, तोंड मात्र ठणठणीत. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात शेंदराची पुडी. दरवाजाच्या डाव्या अंगाला तिचा मारुती. मारुती म्हणजे शेंदराचा नुसता गोळा, नाक-डोळं काय बी दिसत न्हाय. तिच्या आदी तिची सासू शेंदूर लावायची, सासूच्या आदी सासूची सासू.

तिचा एकुलता एक पोरगा राजवीर फौजेत. तो भरती झाला तवा तिनं मारुतीला नवस बोलला, "पोरगं नोकरी संपवून घरला येईस्तवर एक शनवार चुकवणार न्हाय." सतरा वर्षं चुकवला न्हाय. पाय मोडून प्लास्टर होतं तवाबी पाठुंगळी बसून वर आली. पाठ कुणाची? माझी! आणि वर मलाच शिव्या, "हळू चाल की मुडद्या, म्हस न्हेतोयस व्हय?"

गेल्या दिवाळीनंतर शहरातनं एक जाणकार बाई गड बघायला आल्या. शेंदराभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणल्या, "हा मारुती नाही, शरभ आहे. सिंहासारखा काल्पनिक प्राणी. जुन्या किल्ल्यांच्या दरवाजावर कोरायचे. तेल-शेंदरानं दगड खराब होतोय, शेंदूर काढायला हवा."

आता हे झुंबरबाईला सांगायचं कुणी? सगळी माझ्याकडं बघाय लागली. मीच शाणा.

"माझ्या मारुतीला जनावर म्हणतोस?" ती उसळलीच. "जीभ झडंल गणपा! आणि पोरगं तिकडं बर्फात उभं असताना मी त्याच्या देवाला खरवडू देईन व्हय? सहा म्हैनं राहिल्यात रिटायर व्हायला. येऊ दे घरला, मग काय करायचं ते करा." आईम्होरं इतिहास काय सांगणार, कप्पाळ?

एप्रिलातला शनवार होता. ऊन तर असं की दगडावर भाकरी भाजावी. झुंबरबाई तेल ओतत होती, मी पल्याड कोयता चालवत होतो. धप्पकन आवाज झाला. वळून बघतोय तर शेंदराचं चार बोटं जाड कवच तिच्या पायाशी पडलेलं. मागं दगडात वासलेला जबडा, वर वळलेली शेपूट, पंजाखाली एवढासा हत्ती दाबलेला. मारुती कुठंच न्हाय.

बोलताना श्वास घ्यायला न थांबणारी बाई खाली बसली.

"गणपा, राजवीरला फोन लाव."

लावला. उचलंना. तीनदा लावला, तीनदा तेच. तिनं पडलेल्या शेंदराचा तुकडा उचलला. "सतरा वर्षं मी कुणाला सांगत होते रं? माझं बोलणं कुठं पोचलं तरी का?"

एखादी थाप मारावी वाटली, पण ह्या बाईम्होरं माझी थाप आजवर टिकलेली न्हाय.

तिनं पदरानं त्या जबड्यावरचं तेल पुसलं. "हे हितं बसवलंतं कशाला?"

"राखणीला, मावशी. गडावर वाकडी नजर टाकणाऱ्याला भ्या वाटावं म्हणून."

"किती वर्सं झाली?"

"आठशे तरी असतील."

ती बघत राहिली. "राजवाडं गेलं, राजं गेलं, तट पडला. आणि ह्यानं जागा सोडली न्हाय?"

"न्हाय सोडली."

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. राजवीर. मी स्पीकर लावून फोन तिच्या हातात दिला. "आई, काय झालं गं? पहाऱ्यावर होतो, आत्ता सुटलो."

"काय न्हाय. जेवून घे," म्हणली, आणि फोन माझ्या हातात कोंबून तोंडावर पदर घेतला. मग उठली, गुडघ्याला शिवी घातली, आणि त्या दगडी जबड्यावरनं हात फिरवला.

"माझा पोरगा सुटला पहाऱ्यावरनं," ती त्याला म्हणली. "तू कवा सुटणार रं लेकरा?"

मला रडू फुटलं. सरळ सांगतो, लाज न्हाय.