आठवीच्या वर्गातले दशावतार

माझे सासरे एका बाबतीत कोणाचंही ऐकत नसत. दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असं त्यांचं ठाम मत होतं. आधी पाण्यातला मासा, मग पाण्यात आणि जमिनीवर वावरणारं कासव, मग जमिनीवरचा वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका वामन आणि मग पुरता माणूस. "त्या दाढीवाल्या इंग्रजाने नंतर लिहिलं, आपल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं," हे वाक्य ते लग्नात बोलत, बारशाला बोलत आणि एकदा तर कोणाच्या तरी तेराव्यालाही बोलले होते. मी लग्नाआधी सांगलीला ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. ही मंडळी मला बघायला आली तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो यावरच होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्याकडे असं काही बघितलं की मी "हो, इंटरेस्टिंग आहे" म्हणून गप्प बसले. त्यांनी जागच्या जागी होकार देऊन टाकला.

लग्नानंतर मात्र मी गप्प बसले नाही. "अहो बाबा, मासा कासवात बदलत नाही. देव आहे तो, ठरवून रूप घेतो. उत्क्रांतीत कोणी काही ठरवत नाही," असं मी म्हणायचे, आणि ते "तुझं सगळं पुस्तकी" म्हणून हसायचे. आमचं जमायचं ते भांडणातूनच. सासूबाई म्हणत, "या दोघांना समोरासमोर बसवलं की माझा स्वयंपाक निवांत होतो."

सासूबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत, रेगेन्सबर्गला आले. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. नवरा इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर, मुलगी गिम्नाझिउममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, आठवीत. तिच्या लहानपणी ते आले होते तेव्हा ती त्यांना सोडत नसे. आता ती तेरा वर्षांची झाली होती. ते मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि ते काहीही न कळता "या, या", म्हणजे जर्मनमधलं "हो, हो", म्हणत मान हलवत. सप्टेंबरच्या कोवळ्या उन्हातही ते कानटोपी घालून बाहेर पडत. त्यामुळे ती रस्त्यात त्यांच्या चार पावलं पुढे चाले. त्यांना ते दिसत होतं. "मोठी झाली," एवढंच ते म्हणाले. बायको गेलेला माणूस इतक्या लांब येतो तो काही डॅन्यूब नदी बघायला येत नाही.

त्याच महिन्यात शाळेत एक वाद सुरू झाला. आठवीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती शिकवायला घेतली होती. काही पालकांचं म्हणणं पडलं की त्याच तासाला दुसरी बाजूही सांगावी, म्हणजे हे सगळं इतकं गुंतागुंतीचं जग आपोआप झालेलं नसून कोणी तरी बुद्धीने रचलेलं आहे. वर्तमानपत्रांतही तेव्हा असं काहीबाही येत होतं. आमच्या शाळेत ही मागणी करणाऱ्यांत पुढे होती ती मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई. आमच्याच गल्लीत राहायची, एका छोट्या चर्चची होती, आणि सांगायला वाईट वाटतं, पण फार चांगली बाई होती. भांडण्याजोगी बाई असती तर माझं काम सोपं झालं असतं.

एका दुपारी ती प्लमचा केक घेऊन आली. सासरे अंडं खात नाहीत हे तिला माझ्या मुलीकडून कळलं होतं, म्हणून तिने मुद्दाम बिनअंड्याचा केला होता. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. ते जन्मभर पंपांच्या कारखान्यात डिझाइन ऑफिसात होते. तिने विचारलं, "पंप आपोआप बनतो का?" ते म्हणाले, "नेव्हर!" तिने विचारलं, "मग हृदय?" सासरे एकदम खुर्चीत ताठ बसले. केक संपेपर्यंत ठरून गेलं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये या विषयावर चर्चा होती. तिथे सासरे भारतातले एक ज्येष्ठ डिझाइन इंजिनियर म्हणून बोलणार होते. त्यांना इंग्रजीत मनासारखं बोलता येत नव्हतं, म्हणून ते मराठीत बोलणार आणि मी त्याचं जर्मन करणार होते.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, तिथे दशावतार काढणार का तुम्ही?"

"म्हणजे काय! संधी आली आहे."

संध्याकाळी मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कार्यक्रमाला मुलांनाही येता येणार होतं आणि तिचा अख्खा वर्ग येणार होता. "ममा, प्लीज, त्यांना नाही म्हण," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ते मासा आणि डुक्कर सांगणार. सगळे हसणार. मी परत त्यांच्याबरोबर कुठे जाणार नाही. कधीच नाही." तेराव्या वर्षी मुलं काहीही बोलतात हे मला माहीत होतं. पण ती रागावली नव्हती, घाबरली होती, आणि भीतीने बोललेलं मुलं विसरत नाहीत. सासऱ्यांना परत जायला थोडेच आठवडे उरले होते. ते जाताना नात गमावून जाणार, अशी धास्ती माझ्या मनात बसली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू बघ ना काहीतरी, तुझं जर्मन चांगलं आहे." त्याच्या घरातली सगळी अवघड कामं माझ्या चांगल्या जर्मनवर चालत.

मी खरंच बघायचं ठरवलं. भाषांतर माझ्या हातात होतं. ते मासा म्हणाले की मी "निसर्ग" म्हणेन, कासव म्हणाले की "श्रद्धा" म्हणेन, आणि वराह तर गाळूनच टाकेन. हॉलमध्ये मराठी कळणारी माझी मुलगी सोडून कोणी नव्हतं, आणि तिने माझे आभारच मानले असते. असा बेत करून मी त्या संध्याकाळी निघाले. सासऱ्यांनी लग्नातला सूट घातला होता. मुलाच्या लग्नातला, म्हणजे माझ्याच.

हॉल भरला होता. आधी जीवशास्त्राचे शिक्षक बोलले. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले की जग कोणी निर्माण केलं यावर धर्माच्या आणि नीतिशास्त्राच्या तासाला बोललं जातं आणि बोललं जावंच. जीवशास्त्राच्या तासाला मात्र आपण जे तपासून बघता येतं तेच घेतो. मग माझी शेजारीण बोलली. तिचा आवाज कापत होता. तिची मुलगी हल्ली रात्री प्रार्थना करत नव्हती, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. "मुलांना दोन्ही बाजू कळू द्या, एवढंच मागते," ती म्हणाली. मला तिचं एक अक्षर पटत नव्हतं आणि तरी तिच्यात मला एक आई दिसत होती. मग तिने सासऱ्यांना बोलावलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मुलगी मागच्या रांगेत मैत्रिणींमध्ये बसली होती, मान खाली घालून.

सुरुवात बरी झाली. पंप आपोआप बनत नाही, ते म्हणाले. मी रोज सकाळी आंघोळ करून पूजा करतो, हे जग देवाने केलं आहे यात मला शंका नाही. मी ते जसंच्या तसं सांगितलं आणि शेजारणीच्या बाजूने टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्यांना जोर आला. "आता मी तुम्हाला मत्स्यावतार सांगतो," ते म्हणाले.

माझा बेत तयार होता. पण त्यांनी बोलताना दोन्ही हातांनी मासा करून दाखवला, शेपटीसकट. आता त्याचं काय "निसर्ग" करणार? मी मासा म्हटलं. मग कासवही म्हणावं लागलं, कारण त्यांनी मानही आत-बाहेर केली. मुलांच्या बाजूने खिदळणं ऐकू आलं. मी मुलीकडे बघायचं टाळलं. माझे कान तापले होते, आणि खरं सांगते, हसणाऱ्या पोरांपेक्षा मला स्वतःचाच जास्त राग आला होता, की मी या माणसाला घरीच का नाही थांबवलं.

वराह, नरसिंह, वामन करत करत आठवा अवतारही झाला. मग ते शेजारणीकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "ताई म्हणतात दोन्ही बाजू शिकवा. मला मान्य आहे. मग एक तास मत्स्याला द्या, एक कूर्माला, असे दहा अवतारांचे दहा तास. शेवटचा घोड्यावरून अजून यायचा आहे, तो पुढच्या इयत्तेत ठेवा."

मी सांगितलं. हॉल हसला. शेजारीण गोंधळली. "पण ही तर धार्मिक कथा झाली," ती हळू म्हणाली, "ती जीवशास्त्रात कशी घेणार?"

मी हे मराठीत केलं. सासरे हसले नाहीत. "बरं, मग ताईंची जी घ्यायची ती कथा कोणती, ती धार्मिक नाही का?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. डिझाइन ऑफिसात एखादा भाग बसत नसला की विचारतात, तसं त्यांनी विचारलं. शेजारणीच्या बाजूचा एक गृहस्थ म्हणाला, आमचं वेगळं आहे, आमच्यात विज्ञान आहे. सासऱ्यांनी मान हलवली. हे वाक्य ते स्वतः जन्मभर म्हणत आले होते.

मग ते शिक्षकांकडे वळले. "तुम्ही या विषयाची परीक्षा घेता ना?"

"अर्थातच," शिक्षक म्हणाले.

"मार्क देता?"

"एकपासून सहापर्यंत. एक सर्वांत चांगला, सहा म्हणजे नापास."

सासऱ्यांनी ते माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं. "म्हणजे हे गृहस्थ माझ्या देवाचा पेपर तपासणार," ते माझ्याकडे बघत म्हणाले, जसे घरी जेवताना बोलतात तसे. "चुकलं तिथे लाल रेघ मारणार. आणि तपासणारच, त्यांचं कामच आहे ते. मग नको. मी रोज ज्याच्या पाया पडतो त्याला मी परीक्षेला बसवणार नाही. ताई, तुम्हीही बसवू नका. तुमचा देवही चांगला आहे."

यातलं मी काही बदललं नाही. बदलायचं मनातही आलं नाही. शेवटचं वाक्य मात्र मी दोनदा सांगितलं.

हॉलमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती कुजबुज झाली. शिक्षक खुर्चीतून उठले आणि त्यांनी सासऱ्यांपुढे येऊन मान लववली. शेजारीण खाली बघत राहिली. नंतर पालकांच्या अध्यक्षाने विचारलं की मागणीवर हात वर करून मत घ्यायचं का, तेव्हा तीच म्हणाली, "नको, राहू द्या." जाताना ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "देवाचा पेपर तपासला जाईल, असा मी विचारच केला नव्हता." मग थोडं थांबून म्हणाली, "घरीच बसेन तिच्याजवळ, झोपायच्या वेळी." मी तिला मिठी मारली. आमची शेजारीण शेजारीणच राहिली, याचंच मला केवढं बरं वाटलं! जीवशास्त्राचा तास जीवशास्त्राचाच राहिला होता, आणि त्यासाठी मला खोटंही बोलावं लागलं नव्हतं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखी मी कोटांच्या रांगेपाशी उभी राहिले.

"बाबा, हे तुम्ही आधी ठरवलं होतं?" मी विचारलं.

"नाही गं. बोलता बोलता लक्षात आलं." मग लगेच त्यांना आठवण झाली. "पण दशावतार म्हणजे उत्क्रांतीच बरं का. हे आपलं घरातलं."

"घरात काय वाटेल ते बोला," मी म्हटलं.

पण अजून माझा जीव पुरता भांड्यात पडला नव्हता. मुलगी कुठे दिसत नव्हती. हसणारी पोरं हॉलमध्ये हसलीच होती, आणि मोठ्यांना जे कळलं ते तेरा वर्षांच्या मुलांना कळलं असेल असं नव्हतं. तेवढ्यात ती दारातून आत आली, मागे तिच्या वर्गातल्या चार-पाच जणी. त्या सगळ्या सासऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने माझ्या मुलीला कोपराने ढोसत विचारलं, "हेच तुझे आजोबा?" मी मुलीच्या तोंडाकडे बघत राहिले. ती क्षणभर लाल झाली.

"या," ती म्हणाली. "हो, माझेच."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. दहावा कधी येणार? घोड्यावर का? आणि नववा कोणता, तो तर त्यांनी सांगितलाच नाही? सासरे प्रत्येकीकडे आशेने बघत होते आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता. मी सवयीने पुढे झाले.

"राहू दे, ममा," मुलीने मला हातानेच थांबवलं. आणि आजोबांकडे वळून, कितीतरी महिन्यांनी, अडखळत का होईना, पण मराठीत म्हणाली, "आजोबा, या विचारतात की घोडा कशाला. तुम्ही सांगा, मी यांना सांगते."

मी बाजूला झाले. भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.